शेजारणीचा लांब कागद आणि माझा कोरा

मित्रांनो, मी एक जुने, जाडजूड आणि, आता लपवून तरी काय उपयोग, फार मत्सरी पुस्तक आहे. पुस्तकांना मत्सर वाटत नाही असे ज्यांना वाटते ते कधी कपाटात एकोणचाळीस वर्षे ताठ उभे राहिलेले नसतात.

माझी पाने पाचशे बारा. वजन दीड किलो. ग्रंथालयातल्या बाईंनी एकदा गंमत म्हणून मला पार्सलच्या काट्यावर ठेवून पाहिले होते, म्हणून नक्की ठाऊक. माझ्यात काय लिहिले आहे याची कुणी चौकशी केली नाही, पण वजनाची नोंद आहे.

येशू ख्रिस्तानंतरच्या पहिल्या शंभर वर्षांत कुणी काय पाहिले, कुणी काय लिहून ठेवले आणि त्यातले आपण किती खरे मानावे, हा माझा विषय. ऐकूनच तुम्हाला जांभई आली असेल. येऊ द्या. मला सवय आहे.

मला लिहिले एका मास्तरांनी. दिवसभर ते शाळेत मुलांना इतिहास शिकवत. संध्याकाळी जेवणे झाली की स्वयंपाकघरातले टेबल ओल्या फडक्याने पुसत, ते वाळेपर्यंत पेन्सिलींना टोक काढत आणि मग मला लिहायला बसत. त्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर इस्त्रीचा काळा डाग होता. त्या डागावर ते माझी झालेली पाने रचत. असे अकरा वर्षे चालले.

मास्तरांना एक मुलगी होती. ती टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राही. कधी तिला गणित अडलेले असे, कधी पेटीवर नवीन सूर सापडलेला असे, कधी नुसतेच, बाबांनी आपल्याकडे बघावे म्हणून.

"बाबा, झालं का?"

"एवढी ओळ झाली की आलोच."

ती ओळ संपायची. तिच्या मागून दुसरी यायची. मुलगी थोडा वेळ एका पायावर, थोडा वेळ दुसऱ्या पायावर उभी राही आणि निघून जाई. खरे सांगते, मला तेव्हा फार बरे वाटे. रोज संध्याकाळी आमची दोघांची शर्यत लागे आणि रोज मी जिंके. मत्सराची ही गंमत असते मित्रांनो, आपण जिंकत असतो तेव्हा आपल्याला त्याचे नाव आठवत नाही.

मग मी छापखान्यात गेले. खिळे जुळवणारा म्हातारा पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावून म्हणाला, "मास्तर, तळमजल्यावर एवढी गर्दी केलीत, वरच्या मजल्यावर कुणी राहणार आहे का नाही?" तळटिपांबद्दल बोलत होता तो. त्या माझ्यात नऊशे सात आहेत. मास्तर हसले, पण एकही टीप काढली नाही.

दोनशे प्रती निघाल्या. त्यातली पहिली मी. माझ्या कोऱ्या पानावर मास्तरांनी निळ्या शाईने लिहिले: "माझ्या लेकीस, सवड होईल तेव्हा."

ती तेव्हा अठरा वर्षांची होती. तिला सवड झाली नाही. दोन वर्षांनी मास्तर गेले आणि त्याच महिन्यात ती मला कागदात गुंडाळून ग्रंथालयात घेऊन आली. काउंटरवर तिची शाळेतली मैत्रीण होती, नुकतीच कामाला लागलेली. याच आपल्या पुढच्या ग्रंथपाल बाई.

"अगं, बाबांचं पुस्तक ना हे?" बाई म्हणाल्या. "घरी नको ठेवायला?"

"घरात जागा नाही."

दीड किलोच्या एका पुस्तकाला घरात जागा नव्हती! मी त्या दिवशी ठरवले की हिचे मत काय ते कळल्याशिवाय आपण फाटायचे नाही.

मत हा शब्द मी उगीच वापरला नाही. या ग्रंथालयात एक पद्धत आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरा कागद खळीने चिकटवलेला असतो. पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर आपले मत लिहायचे. मत शिव्या असो की ओव्या, बाई काही म्हणत नाहीत. मात्र लिहायची पेन्सिल काउंटरला सुतळीने बांधलेली असते आणि ती हातात देण्याआधी बाई एकच प्रश्न विचारतात: "शेवटी काय होतं?" ज्याला सांगता आले त्याला पेन्सिल. ज्याने पुस्तक पुरते वाचले नाही त्याला मत नाही. मोठमोठी माणसे त्या सुतळीपाशी लाल होऊन परत गेलेली मी पाहिली आहेत.

कागद भरला की त्याला दुसरा जोडायचा. आणि ज्याचा कागद चाळीस वर्षे कोरा राहिला, ते पुस्तक रद्दीत.

माझा कागद कोरा होता. अगदी बर्फासारखा. मला आजवर एकानेच घरी नेले, एका सुताराने. दुसऱ्याच दिवशी परत आणून म्हणाला, "बाई, जाडी बरोबर बसली, पण टेबल आता दुसऱ्या पायावर डुलतंय." त्याने मत लिहिले नाही. त्याला शेवट सांगता आला नसता, पाय मात्र सांगता आला असता.

नाही म्हणायला मला एक नोकरी होती. कुणाच्या कागदाला नवा जोड लावला की खळ वाळेपर्यंत त्यावर काहीतरी जड ठेवावे लागते. ते जड म्हणजे मी. कादंबऱ्या, प्रवासवर्णने, बागकामाची पुस्तके, सगळ्यांच्या कौतुकावर मी आडवे पडून दाब दिला आहे. "ते मास्तरांचं दे गं इकडे," असे बाई मदतनीस मुलीला म्हणाल्या की मला क्षणभर भास होई की कुणी वाचायला मागितले. दर वेळी होई. इतक्या वर्षांत शहाणपण आले नाही.

आणि मग, माझी चाळीस वर्षे भरायला सहा महिने उरले असताना, माझ्या शेजारी ती आली.

तिचे नाव मी सांगणार नाही. तिला प्रसिद्धीची काही कमतरता नाही. रहस्यकथा होती. काळे चकचकीत कव्हर, त्यावर सोनेरी उठावाची अक्षरे, अंगाला नव्या शाईचा असा वास की माझ्या कसरीसुद्धा मला सोडून तिच्याकडे बघू लागल्या. खरे म्हणजे तिची जागा कादंबऱ्यांत. पण तिच्यावरून जिकडेतिकडे भांडणे चालली होती, म्हणून बाईंनी तिला डोळ्यासमोर ठेवायचे ठरवले, आणि काउंटरच्या बरोबर समोर धर्माचे कपाट होते. मी बेचाळीस नंबरला. ती त्रेचाळीस.

तिची गोष्ट अशी. घंटा ओतणाऱ्या एका कारागिराला एका फुटक्या जुन्या घंटेच्या पोटात चामड्याची गुंडाळी सापडते. आत पत्र. पाणी भरणाऱ्या एका बाईने एकोणीसशे वर्षांपूर्वी लिहिलेले: येशूची कबर रिकामी होती, कारण आम्हीच ती रिकामी केली. पुनरुत्थान वगैरे काही झाले नाही. मग ते पत्र दडपण्यासाठी धर्मगुरूंची एक गुप्त टोळी, चार खून, तीन आगगाड्या आणि एक सुंदर शास्त्रज्ञ बाई. तळटिपा किती? एकही नाही!

मी त्याच प्रश्नासाठी पाचशे बारा पाने खर्ची घातली होती. मला कुणी विचारले नाही. हिच्यासाठी मात्र रांग. ती शेजारी असायचीच कुठे? आज याच्या घरी, उद्या त्याच्या. परत यायची ती कोपरे दुमडून, अंगावर चहाचे, साबणाचे, कुणाच्या उशीचे वास घेऊन. मला तिच्या दुमडलेल्या कोपऱ्यांचासुद्धा हेवा वाटे.

आणि तिचा तो मताचा कागद! पहिल्या पंधरा दिवसांत भरला. दुसरा जोडला, तिसरा, चौथा, घडी घालून घालून त्याचा पंखा झाला. प्रत्येक जोडावर दाब द्यायला कोण? मीच. त्यामुळे सगळी मते मला पाठ आहेत.

बेकरीवाल्याने लिहिले: "दोन दिवस माझे पाव करपले. जबाबदार ही कादंबरी." घड्याळे दुरुस्त करणाऱ्याने: "नायक बेचाळीस मिनिटांत तीन गावे फिरतो. त्याने घड्याळ तपासून घ्यावे." दवाखान्यातल्या नर्सने: "खून चार, पण एकही माणूस बरोबर मेलेला नाही." पोस्टमनने: "देवाचे मला कळत नाही. पण पत्र इतकी वर्षे पोहोचत नाही, हे अनुभवाने पटले."

कुणीतरी रागाने लिहिले होते, "असली पुस्तके ठेवता कशाला?" त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "मग शेवटपर्यंत वाचलीत कशाला?" त्याखाली पुन्हा पहिले अक्षर, "तुम्ही कोण विचारणार?" म्हणजे भांडायला म्हणून या माणसाने पुस्तक दुसऱ्यांदा नेले होते.

चर्चच्या पाळकांनीही लिहिले होते, बारीक अक्षरात, कोपऱ्यात: "श्रद्धेच्या दृष्टीने चुकीची. खुनी मात्र ओळखता आला नाही." आणि एका शाळकरी मुलीने: "वाचून रडू आले. मग आईला विचारले, हे खरे का? आई म्हणाली, मलाही माहीत नाही. आम्ही दोघी खूप वेळ बोललो."

या शेवटच्या मतावर मी रात्रभर आडवे पडून होते. मी तिला उत्तर देऊ शकले असते. पान एकशे सत्त्याऐंशी, तिसरा परिच्छेद. शेजारच्याच खणात होते मी. पण कुणी शेजारी बघत नाही.

अशातच एका सकाळी मास्तरांची लेक आली.

तिला आता सगळे ऑर्गनताई म्हणतात. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, घरी मुलांना शिकवते. साठीला आली आहे. चालताना तिची बोटे कोटाच्या खिशावर काहीतरी वाजवत असतात. त्या सकाळी ती वाजवत नव्हती.

"पेन्सिल दे," ती बाईंना म्हणाली. "त्या पुस्तकावर मत लिहायचंय."

"कुठल्या?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. त्याच."

बाईंनी चष्मा पुसला. "शेवटी काय होतं?"

"शेवटाशी काय करायचंय मला? प्रभूबद्दल असं लिहितात आणि तू ते कपाटात सजवून ठेवतेस. हे इथं नको, एवढंच लिहायचंय."

"वाचलंयस का?"

"गटारात काय आहे ते बघायला उतरावं लागत नाही."

"मग पेन्सिल नाही."

"मला नाही? शाळेपासूनची मैत्रीण मी तुझी!"

"शाळेतसुद्धा तुला मी कॉपी करू दिली नव्हती."

मदतनीस मुलगी फिसकन हसली आणि तिथेच बिनसले. ऑर्गनताईचे ओठ पांढरे झाले. "बरं," ती म्हणाली, "वाचते. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते आणि मग असं लिहिते की तुझा कागद पेटेल. त्यानंतर तू माझ्याशी बोलू नकोस."

आता पुढचे नीट ऐका. त्याच सकाळी शेजारणीला सहावा जोड लावला होता. खळ भिजवली होती मदतनीस मुलीने, आणि तिने ती पातळ केली होती आणि सढळ हाताने फासली होती. मी नेहमीप्रमाणे वर आडवे पडले होते. ओली खळ कडेने बाहेर आली आणि माझ्या मागच्या पुठ्ठ्याला लागली. ऑर्गनताईने तावातावाने टेबलावरून शेजारणीला ओढले, तर पाठीला चिकटून मीही आले. तिने बघितले नाही. दोघींना एकत्र पिशवीत कोंबले आणि दाराबाहेर पडली.

मित्रांनो, पाठीला पाठ लावून मी माझ्या वैरिणीबरोबर त्या घरी गेले, जिथे माझा जन्म झाला होता.

टेबल तेच होते. इस्त्रीचा डाग तिथेच होता. पिशवीतून आम्ही बाहेर आलो तेव्हा ऑर्गनताई थबकली. मला ओळखले तिने. हात लावायला नको असल्यासारखी ती आमच्याकडे बघत राहिली. मग किटलीत पाणी उकळून वाफेवर धरून, बोथट सुरीने तिने मला शेजारणीपासून सोडवले. मागचा पुठ्ठा जरा सोलवटला. मला वाटले, आता उघडेल. तिने मला डागावर पालथे ठेवले, माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि कादंबरी उघडली.

तीन दिवस ती कादंबरी वाचत होती. तीन दिवस कप माझ्यावर होता. गरम, मग कोमट, मग गार, मग पुन्हा गरम. पहिल्या दिवशी ती मधेच "हं!" करी, "काहीतरीच!" म्हणे. दुसऱ्या दिवशी काही म्हणेना. तिसऱ्या दिवशी दुपारी शिकायला आलेल्या मुलीला तिने दारातूनच परत पाठवले, आणि शेवटची चाळीस पाने उभ्याने वाचली. पुस्तक मिटून ती खिडकीपाशी गेली. बाहेर एक बाई चादरी वाळत घालत होती. सगळ्या घालून संपल्या तरी ऑर्गनताई बघतच होती.

मी तेव्हा मनात म्हटले, जिंकलीस गं बाई. माझ्या मास्तरांची लेकसुद्धा नेलीस.

रविवारी ती चर्चमधून लवकर परत आली. सुरावटीची वही टेबलावर टाकली आणि कोट न काढताच बसली. मागोमाग पाळक आले. ते तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत आणि तिच्यासमोर शाळेतल्या मुलासारखे बसतात.

"ताई, तब्येत बरी आहे ना? शेवटच्या गीताला ऑर्गन थांबला."

"बोटं थांबली. 'तो उठला आहे' ही ओळ आली आणि बोटं खाली जाईनात. चाळीस वर्षं वाजवतेय ती ओळ." तिने कादंबरीकडे बोट दाखवले. "हिच्यामुळे."

"मीही वाचली ती."

"तुम्ही?"

"दोन बैठकींत," पाळक कानाला हात लावून म्हणाले. "तिसऱ्या घडीत माझं मत आहे."

ऑर्गनताईला हसू आले नाही. "मग सांगा मला. ते पत्र खरं असेल तर?"

"खोटं असणार, ताई."

"कशावरून?"

पाळकांनी खुर्ची पुढे ओढली. "तेवढा माझा अभ्यास नाही. खोटं सांगत नाही. मास्तर असते तर त्यांनी सांगितलं असतं." मग त्यांची नजर कपावर गेली आणि कपाखाली. "हे काय? हे मास्तरांचंच ना? कपाखाली?"

"ते राहू द्या."

"ताई, पण यात असेलच की..."

"म्हटलं ना, राहू द्या!" तिचा आवाज एकदम सात वर्षांच्या मुलीसारखा झाला. "अकरा वर्षं यानं माझे बाबा खाल्ले. मी इथं उभी राहायची, तुमच्या खुर्चीपाशी. एवढी ओळ झाली की आलोच, म्हणायचे. आले नाहीत. सगळ्या ओळी यालाच मिळाल्या. लोकांना सावत्र भावंड असतं ना, तसं मला हे होतं. ग्रंथालयात गेले की त्या कपाटाकडे मी बघतसुद्धा नाही. आहे का अजून तिथं माजून उभं, एवढं मात्र चोरून बघते."

मित्रांनो, मी गारच झाले. चाळीस वर्षे मी जगाचा हेवा केला. बागकामाच्या पुस्तकाचा केला, चहाच्या डागांचा केला. पण कुणीतरी माझाही हेवा करत असेल, रोज, चोरून, हे माझ्या पाचशे बारा पानांत कुठे लिहिले नव्हते. मी कपाटात कोरा कागद घेऊन रडत होते आणि तिला मी माजलेले दिसत होते.

पाळक गेले. जाताना त्यांनी एवढेच केले की कप उचलून बशीत ठेवला.

माझ्या कव्हरवर गोल डाग पडला होता. ऑर्गनताईने तो पदर नव्हता म्हणून कोटाच्या बाहीने पुसला. जाईना. मग तिने मला उघडले. पुढून नाही. पुढे ती निळी शाई होती, ती तिला ठाऊक होती. तिने मागून उघडले. तिथे सूची आहे. कुठला विषय कुठल्या पानावर, ते सांगणारी. तिला 'पत्रे' हवी होती. सापडली: "पत्रे, बनावट: १८६ ते १९१." तिचे बोट तिथे थांबायला हवे होते. पण वाजवणाऱ्याचे बोट ते, सवयीने खाली घसरत गेले. प, फ, ब, भ, म. आणि तिथे थांबले.

"मुलगी, माझी: १८८, टीप."

तिने ती ओळ तीनदा वाचली. मग पान एकशे अठ्ठ्याऐंशी काढताना तिने घाईत तीन पाने एकदम उलटली.

ती टीप मी अकरा वर्षे आणि वर एकेचाळीस वर्षे अंगावर बाळगली होती. मला वाटायचे, नऊशे सातांतली एक. ती अशी आहे:

"कबरीविषयीचा हा प्रश्न माझा नाही. माझी मुलगी सात वर्षांची असताना चर्चमधून घरी येताना तिने विचारले, बाबा, ते खरंच उठले की त्यांना कुणी नेलं, आणि आपल्याला कसं कळलं? मी म्हणालो, घरी गेल्यावर सांगतो. घरी येऊन पाहिले तर मला सांगता येईना. खोटे सांगायचे नव्हते. हे पुस्तक म्हणजे तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. उशीर होत आहे याची जाणीव आहे."

ऑर्गनताईने पानावर तळहात ठेवला. ती मोठ्याने रडली नाही. "मी विचारलं होतं?" एवढेच म्हणाली, रिकाम्या खुर्चीला. "मला आठवतच नाही, बाबा."

शर्यत कसली आणि जिंकले कोण! टेबलाच्या पलीकडे उभी राहून ती ज्याची वाट बघत होती, ते अलीकडे तिच्यासाठीच चालले होते, आणि मास्तरांना मान वर करून तेवढे सांगायचे सुचले नाही. पोस्टमनचे खरे होते. पत्र कधी कधी फार वर्षे पोहोचत नाही.

त्या दिवसापासून तिने मला वाचायला घेतले. पहिल्या पानापासून. सगळ्या तळटिपांसकट. एकोणीस दिवस लागले. कधी ती मान हलवी, कधी "नाही हं बाबा, हे काही पटत नाही," असे म्हणून समासात बोटाने टकटक करी. एका दुपारी शिकायला आलेली मुलगी दाराशी एका पायावर उभी राहून म्हणाली, "ताई, झालं का?"

"एवढी ओळ झाली की आलेच," ऑर्गनताई म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी दचकली, ओळ अर्धी सोडून मला मिटले आणि उठून त्या मुलीला हाताला धरून पेटीपाशी घेऊन गेली. मला राग आला नाही. बरे, थोडा आला.

विसाव्या दिवशी आम्ही तिघी ग्रंथालयात परत आलो. काउंटरवर बाई रद्दीची यादी करत होत्या. बेचाळीस नंबरपुढे प्रश्नचिन्ह होते, कारण पुस्तकच जागेवर नव्हते. ऑर्गनताईला बघून त्या उभ्या राहिल्या, पण बोलल्या नाहीत. बोलू नकोस असे सांगितले होते ना.

ऑर्गनताईने आधी शेजारणीला पुढे केले. बाईंनी घसा खाकरला. "शेवटी काय होतं?"

"घंटा वितळवतात, पत्र जळतं आणि तो बिचारा कारागीर आगगाडीत बसून रडतो."

पेन्सिल मिळाली. तिने लिहिले: "खिळवून ठेवते. पत्र खोटे आहे. कसे, ते शेजारच्या पुस्तकात, पान १८६ पासून." लिहून झाल्यावर बाईंनी ते वाचले आणि वर बघितले. "काढून टाक असं नाही लिहिलंस?"

"हिनं मला तिथपर्यंत नेलं ना. आता हिला कशी हाकलू?" मग तिने मला काउंटरवर ठेवले. "आणि हे."

बाईंनी मला उलटे केले, सोलवटलेला पुठ्ठा बघितला, गोल डाग बघितला. एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी माझ्यासाठी कुणाला विचारला नव्हता. आज विचारला. "शेवटी काय होतं?"

"शेवटी सूची आहे," ऑर्गनताई म्हणाली. "सूचीत मी आहे."

मग बाईंनी पेन्सिलीला टोक काढले, आणि सुतळी सोडून पेन्सिल तिच्या हातात दिली. याआधी कुणासाठीही त्यांनी ती सोडली नव्हती.

माझ्या कोऱ्या कागदावर पहिले मत लिहिले गेले. तुम्ही म्हणाल, काय स्तुती केली असेल! ऐका: "बाबा, उत्तर पूर्ण पटले नाही. पुन्हा वाचणार आहे."

इतकी वर्षे वाट पाहिली आणि पहिलेच मत न पटल्याचे. पण मित्रांनो, ते अक्षर लिहिताना पेन्सिल जिथे जोरात दाबली गेली तिथे ते माझ्या मागच्या पानावरसुद्धा उमटले आहे. अजून चाचपून बघते मी.

"रविवारचं काय?" बाईंनी विचारले.

"गेल्या रविवारी वाजवलं. हळू वाजवलं. पण थांबले नाही."

आता माझ्या कागदावर चार मते आहेत. घड्याळवाला म्हणतो, तळटिपा फार. पाळक म्हणतात, आधी वाचायला हवे होते. त्या शाळकरी मुलीच्या आईने लिहिले आहे, "मुलीला पान १८७ वाचून दाखवले. ती म्हणते, अजून विचारायचे आहे." शेजारणीच्या कागदावर त्र्याण्णव मते आहेत आणि परवाच तिला आठवा जोड लागला. दाब द्यायला आता बाईंनी एक इस्त्री आणली आहे. मी म्हणे वाचनात असते. शेजारणीचा हेवा मला अजून वाटतो. तो जायचा नाही, माझ्या शिवणीतच आहे. पण हल्ली ती परत आली की मी थोडे सरकून जागा देते.

तुम्हाला एकच सांगणे आहे. तुमच्या घरात एखादे जाड पुस्तक कपाखाली, खिडकीत किंवा टेबलाच्या पायाखाली असेल. घरात कुणीतरी मान खाली घालून, तुम्हाला विसरून वर्षानुवर्षे काहीतरी करत बसलेले असेल. त्यांचा राग राग करा, हरकत नाही. पण एकदा कप उचला. मागून उघडून बघा. कुणी सांगावे, सूचीत तुम्ही असाल. आणि वाचून झाले की मत लिहा, पटले नाही एवढे लिहिलेत तरी चालेल. कोरा कागद तेवढा ठेवू नका.

शेजारीण बघत असते.